शरयूताईंचा आठ

शरयूताई देवस्थळींना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरचा एक डिसेंबर होता आणि आम्ही नुकतेच दिल्लीच्या द्वारकेत राहायला आलो होतो. द्वारका हे नाव तेव्हा लोकांच्या तोंडी बसलं नव्हतं, बसचे कंडक्टर अजून तिथल्या जुन्या गावाचं नाव, ‘पप्पनकलां’, असंच ओरडत. सेक्टर आखलेले, रस्ते सहा गाड्या शेजारी धावतील इतके रुंद, आणि त्यांवर गाड्याच नाहीत. दोन्ही बाजूंना अर्धवट उभ्या सोसायट्यांचे सांगाडे. दुधाचं बूथ पलीकडच्या सेक्टरात होतं, म्हणून त्या रविवारी सकाळी बरणी घेऊन मी निघाले, तर समोर नुसतं धुकं.

रस्ता दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. काहीतरी घरघरत जवळ यायचं, वळायचं, लांब जायचं, आणि मग थोडा वेळ काहीच नाही. मी थबकले. तेवढ्यात धुक्यातून एक बाई पाठ पुढे करून, एका पायावर, माझ्या दिशेने सरकत आली. सलवार-कमीज, त्यावर पुरुषाचा तपकिरी स्वेटर, पाठीवर पिकत चाललेली वेणी. दुसरा पाय मागे लांब धरलेला, हात असे की जणू त्यांवर भरलेलं ताट आहे. ती माझ्या समोरून गेली आणि पुन्हा धुक्यात विरली. पायांत चाकांचे स्केट्स होते हे मला ती गेल्यावर कळलं.

थोड्या वेळाने ती गोल फिरून बरोबर त्याच जागी परत आली.

“रुकिए,” ती म्हणाली. “ज़रा बाएँ से निकल जाइए. मेरी लाइन पर पाँव मत रखिए.”

मी खाली पाहिलं. नव्याकोऱ्या काँक्रीटवर पाण्याची एक बारीक रेघ गोल वळत गेली होती. रस्त्याच्या कडेला बादली ठेवलेली होती. शरयूताई चाकं तिच्यात बुडवत आणि निघत.

“अगं बाई,” मी स्वतःशीच पुटपुटले.

“मराठी का? मग थांबच. ही ओळ वाळेपर्यंत बघून घेते, मग जा.”

त्या ओळीशी उकिडव्या बसल्या आणि एखादी बाई गव्हातले खडे शोधते तशी ती रेघ तपासू लागल्या. थंडीत काँक्रीट लवकर वाळत नाही. तेवढ्या वेळात आमची ओळख झाली. त्या आमच्याच सोसायटीत, आमच्याच जिन्याने, दोन मजले खाली राहत होत्या.

शरयूताईंचा जन्म पुण्याचा. लग्न होऊन सिमल्याला गेल्या, कारण यजमानांची, नानांची, टेलिफोन खात्यात तिकडे बदली झाली होती. सिमल्याला डोंगराच्या कुशीत एक उघडं मैदान आहे. हिवाळ्यात संध्याकाळी त्यावर पाणी सोडतात, रात्री ते गोठतं आणि सकाळी लोक त्यावर स्केट्स घालून उतरतात. नवी सून घराच्या खिडकीतून ते बघत बसायची. त्या लोकांत मिस रोझ नावाची एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई होती, पियानो शिकवणारी. बाकीचे वेगाने धावत, पडत, हसत. ही एकटी कोपऱ्यात सावकाश गोल काढायची आणि मग वाकून स्वतःच्याच रेघेकडे बघायची.

“मला वाटलं, हिचं काहीतरी हरवलंय,” शरयूताई सांगत. “म्हणून शोधायला मदत करावी या विचाराने खाली उतरले.”

तिथून पुढे त्या शिकतच राहिल्या. पाचवारी साडीत पाय मोकळा होईना, तर सासूबाईंचं नऊवारी लुगडं नेसून काष्टा घालून बर्फावर जायच्या. सिमल्यातले लोक ते बघायला कठड्याशी गर्दी करत. नाना फ्लास्कमधून चहा घेऊन कडेला उभे. नानांनी जन्मात कधी स्केट्स घातले नाहीत. त्यांचं काम एवढंच, की बायकोचा आठ पूर्ण झाला की जपून आत जायचं, वाकायचं आणि रेघ कुठे फाटली ते सांगायचं.

हा आठ म्हणजे काय ते आम्हाला त्यांनी एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समजावलं. सोसायटीत मराठी घरं मोजकीच, त्यामुळे पंजाबी, बंगाली शेजारणीही आलेल्या. सबनीसबाईंनी विचारलं, “तुम्ही रोज सकाळी ते काय गिरवता हो?”

“आठ. दोन गोल, एकमेकांना टेकलेले. एक गोल एका पायावर, दुसरा दुसऱ्या पायावर. मग तेच परत, त्याच ओळीवरून. ओळ जाड झाली नाही तर जमला.”

“मराठी आठ की इंग्रजी?” कुणीतरी गमतीने विचारलं.

“इंग्रजी. मराठी आठ काढला तर माणूस परत यायचाच नाही,” शरयूताई म्हणाल्या आणि बोटाने हवेत ८ काढून दाखवला. त्याची दोन्ही टोकं उघडीच राहिली. “इंग्रजी आठात निघालो तिथेच पोचतो. म्हणून तर तो अवघड.”

मग त्यांनी सांगितलं की जगाच्या स्पर्धांमध्ये कितीतरी वर्षं बर्फावरच्या नाचाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व या आकृत्यांना होतं. खेळाडूने सावकाश आकृती काढायची, आणि लांब कोट घातलेले परीक्षक बर्फावर येऊन, वाकून, ती ओळ वाचायचे. प्रेक्षकांना त्यात बघण्यासारखं काही नसे. स्टँड रिकामे, टाळ्या नाहीत. बर्फ कापला जातोय तेवढा आवाज.

“आणि बायका होत्या का त्यात?” सबनीसबाई.

“सुरुवातीला नव्हत्या. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जागतिक स्पर्धेत एका इंग्रज बाईने नाव दिलं. संयोजक गडबडले. नियम काढून बघितले, तर बायकांना बंदी असं कुठे लिहिलेलंच नाही.”

“का बरं?”

“कारण बाई येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला घ्यावं लागलं. सगळ्या पुरुषांत ती दुसरी आली.”

तिळगूळ वाटणारे हात थांबले होते. गुप्ताबाई म्हणाल्या, “फिर?”

“फिर क्या, पुढच्या बैठकीत बंदी घातली. म्हणे, लांब स्कर्टमुळे पाय दिसत नाहीत, गुण कसे द्यायचे. मग तिने स्कर्ट आखूड केला. आणि काही वर्षांनी बायकांची वेगळी स्पर्धा सुरू करावीच लागली.” एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला. “माझं लुगडं तर काष्ट्याचं होतं. माझे पाय सगळ्यांना दिसत होते.”

त्यांच्या घरी कालगणना वेगळी होती. वर्ष विचारलं तर त्या आकडा सांगत नसत. हिवाळी ऑलिंपिक जिथे भरलं त्या गावाचं नाव सांगत. लग्न पहिल्या इन्सब्रुकला. मुलगा आशू ग्रेनोबलच्या वर्षी झाला. दिल्लीला बदली दुसऱ्या इन्सब्रुकनंतर. नानांना ही भाषा पाठ होती, ते बँकेतसुद्धा एकदा “लेक प्लॅसिडच्या वर्षी खातं उघडलं” असं बोलून गेले होते. साराएव्हो हे नाव मात्र ताई उच्चारत नसत. त्या वर्षाला त्या ‘मधलं’ म्हणत. एकदा मी कारण विचारलं.

“तिथला बर्फाचा हॉल युद्धात जळला,” त्या म्हणाल्या. “खुर्च्यांच्या फळ्यांच्या शवपेट्या केल्या असं वाचलं. मी त्या हॉलची छायाचित्रं कापून ठेवली होती ग. खालच्या बर्फावरच्या ओळी दिसायच्या त्यांत.”

पुढे उन्हाळी आणि हिवाळी खेळ एकाच वर्षी घ्यायचे नाहीत असं ठरलं आणि आल्बर्टव्हिलनंतर दोनच वर्षांत लिलेहामर आलं, तेव्हा त्यांचं पंचांग विस्कटलं. “सगळ्यांनाच घाई झालीय,” त्या म्हणत. ते खरंही होतं. आमच्या डोळ्यांदेखत सेक्टर भरत होता. आज एका बाल्कनीवर डिश अँटेना, उद्या खाली नवी छोटी गाडी, परवा कोपऱ्यावर पिझ्झाचं दुकान. प्रत्येकाचा पगार वाढत होता, प्रत्येक जण कुठेतरी निघालेला होता, आणि शरयूताईंचा रस्ता आखूड होत होता. आधी त्या दुभाजकापर्यंत जात, मग फक्त आमच्या फाटकापासून पुढच्या फाटकापर्यंत. शेवटी एका सकाळी कुणाच्या तरी गाडीने त्यांची बादली उडवली.

मग त्यांनी सोसायटीच्या नव्या हॉलकडे मोर्चा वळवला. फरशी बसायची होती, खाली नुसता घोटलेला सिमेंटचा कोबा होता आणि त्यांना तोच हवा होता. सेक्रेटरी चड्ढाजी सज्जन, पण नियमाचे पक्के.

“आंटीजी, इस उमर में गिर गईं तो ज़िम्मेदारी किसकी?”

“ज़मीन की,” शरयूताई शांतपणे म्हणाल्या.

चड्ढाजी किल्ली देऊन गेले. हॉलला फरशी बसवायचं काम पुढे का कोण जाणे लांबतच गेलं.

त्यांना पश्चात्ताप, हळहळ असं काही आहे हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ते नानांनी सांगितलं. सापोरोच्या ऑलिंपिकनंतरच्या हिवाळ्यात दिल्लीच्या एका वकिलातीतला ऑस्ट्रियन अधिकारी बायकोला घेऊन सिमल्याला आला होता. ती बाई आपल्या देशात या आकृत्यांची परीक्षक होती. कठड्याशी उभी राहून तिने नऊवारीतल्या बाईचे आठ पाहिले, मग खाली उतरली, गुडघे टेकून ओळ पाहिली आणि म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात व्हिएन्नाला ये. तुझी परीक्षा घ्यायला लावते. मग तुला परीक्षक व्हायला शिकवते. आशियातली एकही बाई आमच्यात नाही.

त्या काळी परदेशी जायचं तर परकीय चलनासाठी परवानगी लागे. नाना एका कार्यालयात गेले. समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं, जाण्याचं कारण?

“मी म्हणालो, खेळ. तो म्हणाला, कुठला संघ? मी म्हणालो, संघ नाही, एकटीच. बर्फावर आठ काढते.” नाना हे सांगताना चष्मा पुसत होते. “तो हसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, साहब, ये भी कोई वजह हुई? आणि मला उत्तरच सुचेना. मी परत आलो. तिने काही विचारलं नाही, मी काही बोललो नाही.”

पुढे चलन सैल झालं, बाजार उघडला, लोक सुट्टीला सिंगापूरला जाऊ लागले. पण तोपर्यंत जगाच्या स्पर्धांमधून आकृत्या काढूनच टाकल्या होत्या. टीव्हीवर त्या कुणी बघत नव्हतं. आल्बर्टव्हिलच्या ऑलिंपिकला आकृत्या नव्हत्याच. आपला देश दार उघडत होता त्याच सुमारास आतली खोली रिकामी झाली होती.

“मग आता कशासाठी गिरवता?” मी एकदा त्यांना विचारलं होतं.

“कुणी बघत नाही म्हणून स्वयंपाकात मीठ घालायचं थांबवतो का आपण?” त्या म्हणाल्या होत्या.

नागानोचं ऑलिंपिक आलं तेव्हा जपानची संध्याकाळ म्हणजे आमची दुपार. बायकांच्या अंतिम फेरीला मी ऑफिसातून सुट्टी काढली. ताईंच्या बैठकीच्या खोलीत आम्ही चार-पाच जणी सतरंजीवर. खिडक्या नेहमीप्रमाणे सताड उघड्या, कारण थंडी बाहेर ठेवणं त्यांना आवडत नसे. पडद्यावर एक पोरसवदा मुलगी निळ्या झग्यात उभी राहिली, संगीत सुरू झालं, आणि दिवे गेले.

सगळ्या जणी हळहळल्या. शरयूताईंनी डोळे मिटले आणि बोलू लागल्या. “आता डाव्या पायावर. पात्याची बाहेरची कड. वळतेय, बघा, खांदा आधी, कंबर मागून. घाई नाही. आता टेकली मधल्या बिंदूला, पाय बदलला.” त्यांचा आवाज इतका सावकाश होता की आम्ही काळ्या पडद्याकडे बघत बसलो आणि सगळं आम्हाला दिसत होतं. बर्फ करडा, छपराखाली धूसर उजेड, कुणी एक बाई एकटीच फिरतेय. वीज परत आली तोवर त्या मुलीचे गुण लागून गेले होते. जिना चढून घरी आले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ताई बोलत होत्या त्यात एकही उडी नव्हती. टीव्हीवरच्या मुलीशी त्याचा काही संबंध नव्हता.

त्याच वर्षी पावसाळ्यात नानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. आशू म्युनिकहून आला, महिनाभर राहिला, परत गेला. फिजिओथेरपिस्ट येई, ढीगभर व्यायाम सांगून जाई. नाना पाय उचलायचेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एवढा गप्पिष्ट माणूस, डोळ्यांतून पाणी काढायचा पण बघायचा नाही.

दिवाळीच्या सुमारास एके दिवशी मी ऑफिसातून आले तर सोसायटीच्या हॉलमध्ये दिवा. आत डोकावले. शरयूताईंनी खडूने कोब्यावर मोठा आठ आखला होता. तिथे त्या चाकांवर उभ्या, आणि त्यांच्या समोर, त्यांचे दोन्ही हात धरून, नाना. चड्ढाजी मागे खुर्ची घेऊन तयार. ताई मागे मागे सरकत होत्या, अगदी मुंगीच्या वेगाने, आणि नानांना आपल्याकडे ओढत होत्या.

“पाय उचलू नका,” त्या म्हणत होत्या. “उचलायला कुणी सांगितलंय? वजन टाका फक्त. डाव्यावर टाका. बाहेरच्या कडेवर. आता सोडा. उजवा आपोआप येईल.”

उजवा आला नाही. नानांनी मान हलवली.

“बरं. मी गोष्ट सांगते, तुम्ही उभे राहा.” आणि तशाच हात धरून त्या सांगू लागल्या. “पहिलं हिवाळी ऑलिंपिक शामोनीला झालं. तेव्हा त्याला ऑलिंपिकसुद्धा म्हणत नव्हते, हिवाळी खेळांचा आठवडा म्हणत. त्यात एक मुलगी होती नॉर्वेची. अकरा वर्षांची. सगळ्या मोठ्या बायका, आणि ही एवढीशी. मध्येच विसरायची, सरळ कडेला यायची आणि आपल्या शिक्षकाला विचारायची, पुढे काय करू? तो सांगायचा, ही परत जायची. शेवटची आली. आणि नंतर तीच तीनदा पहिली आली. तुम्हीही विचारा. विसरलात की मला विचारा.”

 नानांच्या तोंडाची एक बाजू हलली. आधी नुसता श्वास बाहेर आला. मग जाड, ओला, पण समजेल असा एक शब्द.

“पु…ढे?”

ताईंचा चेहरा क्षणभर पार उघडा पडला, एखाद्या मुलीसारखा. मग त्या म्हणाल्या, “पुढे उजवा. आतली कड.”

त्या दिवशी नानांचा उजवा पाय वीतभर सरकला असेल. पण त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी हॉलमध्ये दिवा दिसे. सोसायटीतले लोक येता-जाता दारात थांबून बघत. थंडी वाढली तसे गोल पूर्ण होऊ लागले. आधी एक, मग टेकून दुसरा. “पुढे?” नाना विचारायचे, आणि ताई सांगायच्या. होळीपर्यंत नाना काठी घेऊन स्वतः चालू लागले. चालताना ते अजूनही किंचित वळत चालत, सरळ रेषा त्यांना जमत नसे. त्यामुळे लिफ्टपाशी जायला त्यांना थोडा जास्त वेळ लागे.

बोलता यायला लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आशूला फोन. मला त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “शुभा, तुझी चार्टर्ड बस कस्तुरबा गांधी मार्गावर जाते ना? एक दिवस मला घेऊन चल. हिला सांगू नकोस.”

माझं ऑफिस तिथेच होतं आणि पलीकडे परकीय चलन देणारी बँक होती. नानांनी त्या दिवशी कोट घातला होता, टायसुद्धा बांधला होता. बसमध्ये ते ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. बँकेत एअर कंडिशनर, काचेच्या खिडक्या, आणि खिडकीमागे एक तरुण, कानाला फोन.

“जी अंकल, कहाँ जाना है?”

“फ्रान्स. शामोनी.”

“ओके. पासपोर्ट, टिकट?” त्याने कागद घेतले, शिक्का मारला, कुठे सही करायची ते दाखवलं. सगळं इतकं पटकन झालं की नाना काठी धरून तसेच उभे.

“बस? हो गया?”

“हो गया अंकल.”

“आप पूछेंगे नहीं, क्यों जा रहे हैं?”

त्याने पहिल्यांदा मान वर केली. “मैं क्यों पूछूँगा?”

नानांनी काठी काउंटरला टेकवली. मग एकेक शब्द सोडवत, पण सगळी बँक ऐकेल अशा आवाजात म्हणाले, “फिर भी बताता हूँ. मेरी पत्नी बर्फ पर आठ बनाती है. उसे बनाना है.”

“बहुत बढ़िया, अंकल,” तो मुलगा म्हणाला. त्याला काही कळलं नसणार. पण त्याने फोन खाली ठेवला होता. बाहेर आल्यावर नाना फुटपाथच्या कठड्यावर टेकले आणि बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघत बसले. 

जानेवारीत ते दोघं गेले. आशू म्युनिकहून गाडी घेऊन त्यांना न्यायला येणार होता. तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर स्वयंपाकघरात बसून सांगितलं, अर्धं एकाने, अर्धं दुसऱ्याने.

गावातल्या बर्फाच्या मैदानावर सकाळी गर्दी नव्हती. भाड्याने स्केट्स मिळाले. ताई उतरल्या, कडेकडेने एक फेरी मारली. सिमला सोडल्यापासून बर्फावर पाऊल पडलं नव्हतं. मग मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

“किती वेळ नुसती उभीच,” नाना म्हणाले. “मला वाटलं, विसरली.”

“विसरले नव्हते. ऐकत होते.”

मग निघाल्या. पहिला गोल पूर्ण झाला. मधल्या बिंदूला पाय बदलला, दुसरा गोल सुरू केला, आणि अर्ध्यावर घोटा थरथरला. दुसरा पाय टेकावा लागला. त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा निघाल्या, पुन्हा तिथेच. वयाने घोट्यातलं काहीतरी काढून घेतलं होतं. चाकांवर ते कळलं नव्हतं.

“मी म्हटलं, पुरे,” ताई म्हणाल्या. “तर हे काय करताहेत बघते. लहान मुलं धरून शिकतात ना, तशी एक ढकलायची खुर्ची घेतली यांनी, आणि शिरले बर्फावर. बुटांनी. तिथला माणूस ओरडतोय फ्रेंचमध्ये, आशू ओरडतोय मराठीत.”

“मला फ्रेंच येत नाही,” नाना म्हणाले.

“आले माझ्यापर्यंत. आणि वाकले. यांना वाकता येत नाही, शुभा. डॉक्टरांनी सांगितलंय. पण खुर्चीला धरून वाकले, आणि माझी ओळ बघितली. पहिला गोल सगळा, मग दुसरा, जिथे तुटला तिथपर्यंत.”

“आणि काय म्हणालात?” मी नानांना विचारलं.

“जे होतं ते. पहिला चांगला. दुसऱ्यात घाई.”

ताई हसल्या. मी विचारलं, “इतक्या वर्षांनी गेलात आणि पूर्ण झाला नाही, वाईट वाटलं का?”

 गॅसवर चहा उकळत होता, त्या उठल्या नाहीत. “त्या ऑस्ट्रियन बाईनंतर माझी ओळ बर्फावर कुणी बघितली नव्हती,” त्या म्हणाल्या. “यांनीसुद्धा नाही, त्या हिवाळ्यानंतर हे बर्फावर उतरायचेच थांबले. दिल्लीत कोब्यावर काय, पाण्याची रेघ. वाळून जाते. ती बर्फात कापलेली होती.” मग जरा थांबून, “दुपारी मशीन फिरवून ते बर्फ गुळगुळीत करतात. आम्ही तोवर बसलो होतो.”

त्यानंतर थोड्याच महिन्यांत उदयची, माझ्या नवऱ्याची, पुण्याला बदली झाली. आम्ही निघालो तो मे महिना होता. बाहेर लूचे भाजणारे वारे वाहत होते, रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटत होतं. ट्रक भरून झाल्यावर मी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. कूलर घोंघावत होता, खोलीत वाळ्याचा वास आणि हिरवट अंधार. नाना कोचावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत होते. शरयूताई आरामखुर्चीत बसल्या होत्या, पाय पाण्याच्या टबात. त्या पाण्यात फ्रिजमधल्या बर्फाचे खडे टाकलेले, बरेचसे विरघळलेले.

मी हाक मारणार होते. पण त्याही झोपल्या होत्या. मान एका बाजूला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात मांडीवर उघडे. मी आणलेला लाडवांचा डबा टेबलावर ठेवला आणि दाराशी जाऊन वळून पाहिलं. त्यांचा उजवा पाय पाण्यात हलत होता. घोटा किंचित कलायचा, टाच हळूच वळायची, आणि उरलेले बर्फाचे खडे त्याच्यामागे टबात फिरत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसती झोप. खाली ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तरी त्या जाग्या झाल्या नाहीत. मी दार ओढून घेतलं.